जुनी लष्करी मालमोटार सुरू का होत नाही?

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात परभणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलावयास सांगितले व विषय माझ्यावरच सोपविला. या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर विद्वानांची भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. मी मात्र आज एका जुन्या मालमोटारीविषयी बोलणार आहे. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिक होऊन, अध्यापनाचा दाखला घेऊन, जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षे गणित व विज्ञान शिकविणारा मी एक साधा शिक्षक आहे. तरीही हा विषय घेण्यास कारण घडले. गेल्या वर्षी मानवत येथे एक चांगले धडधाकट यंत्र भंगाराच्या तराजूवर चढण्याच्या बेतात होते, आणि त्यास निकालात काढणारे तिन्ही मिस्त्री आपल्याच ज्ञातीचे होते. त्यांची नावे मी घेणार नाही. त्यांचे हात उत्तम आहेत. उणीव हातांत नव्हती, विचारण्याच्या क्रमात होती.

प्रथम त्या गाडीची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धात कॅनडामध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्यांसाठी एका नमुन्याच्या चार लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या. आमची गाडी त्यांतील शेव्हरोले. आखूड चपटे नाक, उजवीकडे चाक, आणि समोरची काच वरच्या बाजूस पुढे झुकलेली. ही काच अशी उलटी तिरपी का, असे मुले नेहमी विचारतात. उन्हाची तिरीप काचेवरून वर परावर्तित होऊन शत्रूच्या विमानास गाडीचा ठाव लागू नये, म्हणून ती योजना होती. इंजिन सहा सिलिंडरांचे, साडेतीन लिटरचे, ८५ अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे. सन १९४५ मध्ये युद्ध संपले, आणि अशा कित्येक गाड्या डिस्पोजलच्या लिलावांतून व्यापाऱ्यांच्या हाती आल्या. शेव्हरोलेला आपल्याकडे अधिक पसंती असे, त्यासही कारण होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला, तथापि तोवर या इंजिनाची नाडी ओळखणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले होते.

मानवतच्या एका जिनिंगमालकाने ही गाडी घेतली ती रुईच्या गाठींसाठी. मानवत ही कापसाची नामांकित पेठ, परंतु रेल्वे गावाला चुकवून गेलेली. मानवत रोड स्टेशनापर्यंत बैलगाड्यांनी गाठी नेण्यात दिवस मोडत असे. माझे मामा या गाडीवर ड्रायव्हर होते, आणि शाळेच्या सुट्ट्यांत क्लीनर म्हणून मी त्यांच्या शेजारी बसत असे. पुढे गाडी निवृत्त झाली व जिनिंगच्या आवारात पत्र्याखाली अनेक वर्षे उभी राहिली. मूळ मालकाच्या नातवाने अलीकडे ती दुरुस्त करविली, चेसिस खरवडून घेतली, दोन हात रंग दिला. तिच्या इंजिनाचा आवाज पुन्हा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

त्या नातवाची इच्छा अशी होती की, १७ सप्टेंबर रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ही गाडी तिरंगा लावून गावातून न्यावी. सन १९४८ च्या त्या पाच दिवसांत भारतीय सेना मराठवाड्यात आली तेव्हा तिच्याजवळही महायुद्धातील याच पिढीच्या मालमोटारी होत्या. परंतु ऑगस्टमध्येच गाडी रुसली. सेल्फ दाबला की इंजिन एखाद्या थकलेल्या म्हशीसारखे दोन वेळा हुंकार देई आणि थांबे.

पहिल्या मिस्त्रीने बॅटरी बदलली. दुसऱ्याने सेल्फ उतरवून ब्रश बदलले. तिसऱ्याने कार्ब्युरेटर खोलला, सहाही प्लग नवे घातले, डिस्ट्रिब्यूटर सैल करून थोडासा फिरविला, आणि अखेरीस निकाल दिला की इंजिनचा दाब गेला आहे, ते खोलावे लागेल. आता येथेच खरा धोका होता. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग म्हणजे आजच्यासारखी दुकानात मिळणारी कडी नव्हे. पांढरा धातू वितळवून तो रॉडमध्येच ओतलेला असतो, आणि मग लेथवर बेतून घ्यावा लागतो. ते काम जाणणारे हात आता क्वचितच सापडतात. इंजिन एकदा खोलले असते तर ते पुन्हा जुळले असते की नाही याची मला दाट शंका आहे. मालकाने खर्चाचा अंदाज ऐकला आणि भंगारवाल्यास बोलावणे धाडले. त्याच सुमारास त्याला माझी आठवण झाली.

तरुण मित्रांनो, आपल्या आजोबांच्या भट्टीत विस्तव धरेना तेव्हा ते काय करीत? ते भाता फाडून पाहत नसत. कोळसा ओला आहे काय, भात्याचा वारा नळीतून पोहोचतो काय, आणि निखारा जिवंत आहे काय, एवढे तीन प्रश्न ते विचारीत, आणि एकाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्यास हात लावीत नसत. पेट्रोलचे इंजिन म्हणजे तीच भट्टी. त्यास पेट्रोल हवे, हवा हवी, ठिणगी हवी. आणखी दोन गोष्टी अधिक लागतात: मिश्रण दाबले जावे, आणि ठिणगी नेमक्या वेळी पडावी. परंतु या पाचांच्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तिन्ही मिस्त्रींकडून नेमका तोच सुटला. इंजिन पुरेशा वेगाने फिरते आहे काय? ते मुळात नीट फिरतच नसेल, तर कार्ब्युरेटरने काय करावे आणि प्लगने काय करावे?

मी प्रथम डिस्ट्रिब्यूटर पूर्वस्थितीस आणला. या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक लहान पोलादी गोळी बसविलेली असते. आवरणाच्या खिडकीतून ती दिसते, आणि ती खुणेशी आली की पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडावयास हवी. तारांचा क्रम १-५-३-६-२-४ असा तपासला. टायमिंग पुढे सरकलेले असताना हँडल मारणे म्हणजे मनगट मोडून घेणे होय, म्हणून हे आधी. सेल्फ दाबून पाहिला, रड तीच. मग मालकाच्या ड्रायव्हरला हँडल मारावयास सांगितले. तिसऱ्या झटक्यास इंजिन सुरू झाले!

आवारातील मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मला आनंद झालाच, तथापि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आता उत्तर जवळ आले होते. हाताने फिरविल्यावर जे इंजिन सुरू होते, त्याची ठिणगी ठीक आहे, पेट्रोल ठीक आहे, दाबही ठीक आहे. म्हणजे दोष राहतो तो बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत. बॅटरी नवी, सेल्फही नुकताच खोलून पाहिलेला. राहिल्या त्या तारा, ज्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

ही गाडी सहा व्होल्टची आहे, आणि सारे मर्म यातच आहे. सातवीच्या वर्गात मी ओहमचा नियम शिकवीत असे, तो येथे कामास आला. असे समजा की सेल्फ २०० अँपिअर प्रवाह ओढतो. वाटेतल्या तारा व सांधे मिळून केवळ एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका विरोध असला, तरी २०० गुणिले ०.०१ म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच खर्च झाले. सहांतून दोन गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. हीच शक्ती बारा व्होल्टच्या गाडीत १०० अँपिअरने मिळते. तेथे त्याच विरोधापायी एक व्होल्ट जातो, म्हणजे बारावा हिस्सा. तोच सांधा, तीच तार, परंतु सहा व्होल्टच्या गाडीस तिचे दुखणे चौपट बाधते. आजच्या गाड्यांवर शिकलेल्या मुलास हे ठाऊक नसावे यात नवल नाही.

मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या खुंटावर, दुसरे सेल्फच्या खुंटावर ठेवून सेल्फ दाबविला. काटा सव्वा व्होल्टवर गेला. येथे पाव व्होल्टाहून अधिक दिसावयास नको. मग दुसरी बाजू पाहिली, बॅटरीचा अर्थिंगचा खुंट आणि इंजिनचे उघडे अंग. तेथेही एक व्होल्ट. बॅटरी त्या वेळी पाच व्होल्ट देत होती. सेल्फच्या वाट्यास जेमतेम पावणेतीन येत होते. इग्निशन कॉईलही त्याच अर्थिंगवर अवलंबून, त्यामुळे सेल्फ दाबलेला असताना ठिणगीही मलूल होई. हँडलच्या वेळी सेल्फचा भार नाही, म्हणून ठिणगी पूर्ण पडे. सर्व कोडे एका दमात उलगडले.

कारणे दोन निघाली. गाडी नव्याने सजविताना कोणी तरी आजकालच्या मोटारीची बारीक केबल घातली होती, आणि तिच्या टोकाची थिंबल कथिलाने न डागता केवळ हातोडीने चेपली होती. ती हातास गरम लागत होती. दुसरे कारण अधिक बोध घेण्याजोगे आहे. इंजिन रबराच्या बैठकांवर बसलेले असते, त्यामुळे त्याचे व चेसिसचे विद्युत्-नाते जोडणारी एक विणीची पट्टी असते. ती पट्टी नव्या सुंदर रंगावरच बोल्टने आवळली होती. रंगातून वीज कशी जाईल? बोल्टच्या आट्यांतून जेवढी झिरपेल तेवढीच.

मी वेल्डिंगच्या दुकानातून सत्तर चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणविली. आपल्या ज्ञातीतील अर्ध्या घरांत ती मिळेल! थिंबला कथिलाने भरून डागल्या, पट्टीखालचा रंग चकाकेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळल्यावर वरून थोडे ग्रीस फासले. सेल्फवर पाय ठेवताच इंजिन सुरू झाले. खर्च एका जेवणावळीच्या पत्रावळींइतकाही आला नाही. १७ सप्टेंबरला गाडी गावातून फिरली. तिन्ही मिस्त्री मागच्या फळीवर बसले होते, आणि त्यांना तेथे बसविण्याचा आग्रह माझाच होता.

आता या गाडीचे इतर काही आजार. सर्व सांगत बसलो तर जेवणाची वेळ टळेल.

इंजिन वेगाने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या तारेचे टोक इंजिनाच्या अंगापासून पाव इंच दूर धरावे, लाकडी चिमट्याने, हाताने नव्हे, आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसताना. निळी, टणत्कार करणारी ठिणगी उडाली तर तिकडचे घर ठीक. पिवळी, लुळी ठिणगी दिसली तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉईंट पाहावेत. दीर्घकाळ उभ्या गाडीच्या पॉईंटांवर काळसर पापुद्रा धरतो. बारीक कानस अलगद फिरवून, पोस्टकार्डाच्या तुकड्याने पुसून घ्यावे, आणि फट एका इंचाच्या १८ हजारांशाइतकी ठेवावी. पॉईंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष त्यांचा नव्हे, कंडेन्सरचा. आषाढ-श्रावणात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओलावा बसतो; ती काढून कोरड्या फडक्याने पुसली की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

गाडी सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते आणि हळूहळू मान टाकते, थोडा वेळ थांबले की पुन्हा चालते, हा आजार आपल्या भागात विशेष आढळतो. त्याची कर्ती असते कुंभारीण माशी. टाकीच्या झाकणास हवेसाठी लहान छिद्र असते, त्यात ती मातीचे घर बांधते. पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, आणि टाकीत पोकळी धरते. झाकण सैल करताच ‘सुस्स’ असा आवाज आला तर निदान पक्के झाले. त्याचप्रमाणे या गाडीस दोन टाक्या आहेत व एक तोटी फिरवून त्यांतील एक निवडावी लागते. तोटी रिकाम्या टाकीकडे असताना कार्ब्युरेटर खोलणारे महाभाग मी पाहिले आहेत.

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा निराळी तऱ्हा. गाडी धावते ठीक, चहासाठी थांबविली की पुन्हा सुरू होत नाही. पेट्रोलची नळी व पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपास वाफ ओढवत नाही. पंपावर ओले फडके ठेवावे, बोनेट उघडावे, आणि अर्धा तास रामनाम घ्यावे. सेल्फ मारीत राहिल्याने केवळ बॅटरी मरते. याच परभणीत हिवाळ्यात पारा कधी पाच अंशांखालीही उतरतो. तेव्हा तेल घट्ट, बॅटरी थंड; चोक पूर्ण ओढून, सेल्फपूर्वी हँडलने इंजिन चार फेरे मोकळे करून घ्यावे. चोक अधिक वेळ राहून पेट्रोलचा वास सुटला, तर चोक आत सारून, अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरून फिरवावे, म्हणजे जास्तीचे पेट्रोल निघून जाते.

एक नवीन आजारही आहे, जो मामांच्या काळी नव्हता. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या पाथरी-गंगाखेडकडच्या उसाचे त्यात भले आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, आणि जुन्या प्रतीचे रबर त्यात फुगते व कुजते. पेट्रोल-पंपातील पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच घालावा, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतावयाचे आणि सेल्फ मारावयाचा, ही आपल्या गॅरेजांतील सर्रास रीत आहे. इंजिनाने उलटा भडका दिला की ती ज्वाला थेट बाटलीवर येते. आपल्या ज्ञातीतील एकोणीस वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात असे पोळले. त्याची आई समोरच्या रांगेत बसली आहे, तिच्या अनुमतीने मी हे बोलत आहे. तो मुलगा हुशार फिटर होता. आज त्याच्या उजव्या हाताची बोटे पाना धरण्याइतकी मिटत नाहीत. ज्याच्या घरची भाकरी हातांवर चालते त्याने हे जाणावे. हँडल मारतानाही अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीसारखा वळवू नये, आणि खालून वर ओढावे, वरून खाली रेटू नये. गाडी न्यूट्रलमध्ये आहे व हँडब्रेक ओढलेला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढे उभे राहू नये.

ज्यांच्याकडे जबलपूरचा शक्तिमान ट्रक येतो त्यांच्यासाठी दोनच वाक्ये. १९५९ पासून तयार झालेल्या त्या गाडीचे इंजिन डिझेलवर चालते, त्यास ठिणगी नाहीच, त्यामुळे वरील अर्धे प्रकरण बाद होते. तेथे पहिला संशय डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेचा घ्यावा, फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी, आणि तारांचे सांधे येथेही पाहावेत.

अशा गाड्या बाळगणाऱ्यांनी कायद्याची बाजूही पाहावी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. नोंदणी दहा वर्षांची असते, आणि त्या नोंदणीवर व्यापारी वाहतूक करता येत नाही. लष्करी वाहनांची ज्यांना गोडी असेल त्यांनी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९४ पासून आहे.

मानवतची गाडी अजून त्याच पत्र्याखाली उभी आहे, आणि मालकाने आपल्या मुलांना ती शिकण्यासाठी उघडी ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी तेथे असतो. येणाऱ्याने मीटर, बारीक कानस, एक वही आणि पुसावयास जुन्या धोतराचा तुकडा बरोबर आणावा. चहा मालकाकडून मिळतो.